नात्याची नोंद

'मामा' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. "हे माझे मामा," अशी कुणी ओळख करून दिली की ऐकणारा काही न विचारता तीन गोष्टी धरून चालतो. समोरचे गृहस्थ पुरुष आहेत, ते ओळख करून देणाऱ्याच्या आईचे भाऊ आहेत, आणि ओळख करून देणारा त्यांचा भाचा किंवा भाची आहे. त्यासाठी कुणी दाखले मागत नाही. नात्याच्या शब्दाच्या पोटातच हे निष्कर्ष असतात. शब्द उच्चारला की ते आपोआप बाहेर पडतात. पण हाच शब्द आपण चौकातल्या हवालदाराला लावतो, वाण्याला लावतो, चाळीतल्या निम्म्या वडीलधाऱ्यांना लावतो. तेव्हा मात्र "यांची बहीण म्हणजे तुझी आई का?" असे कुणी विचारत नाही. कोणता मामा नात्याचा आणि कोणता नुसता बोलण्याचा, हे माणसाला सांगावे लागत नाही.

यंत्राला ते सांगावे लागते. आणि ग्रंथालयांच्या तालिका आता यंत्रांनाही वाचता याव्यात अशा रीतीने लिहिल्या जात असल्यामुळे, कोणत्या नात्याच्या शब्दातून कोणता निष्कर्ष निघतो हा प्रश्न ग्रंथपालांच्या टेबलावर येऊन पडला आहे. विषयाचे नाव ऐकूनच काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. ग्रंथालयाची तालिका हा काही वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे मलाही पूर्वी वाटत असे. पण या रुक्ष दिसणाऱ्या कामात माणसांच्या श्रेयाचा फार मोठा प्रश्न दडलेला आहे, असे आता माझे मत झाले आहे.

घोडपदेवला आमच्या गल्लीत मंडळाचे एक छोटे वाचनालय आहे. दोन लोखंडी कपाटे, एक टेबल आणि पुठ्ठा निसटलेली एक दाखल नोंदवही एवढाच त्याचा संसार. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाने ठरवले, की सगळी यादी संगणकावर घ्यायची. काम आम्हा चार मुलामुलींकडे आले. मी आमच्या महाविद्यालयातल्या ग्रंथपाल मॅडमना सल्ला विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "नुसती यादी करू नका. यादी काय, वाणीही करतो. पुस्तकाचे कुणाशी काय नाते आहे, ते नीट लिहा." मग त्यांनीच मला 'लिंक्ड डेटा' म्हणजे जोडलेल्या माहितीची पद्धत समजावून दिली.

पद्धतीचे मूळ अगदी साधे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली ज्या जागतिक माहितीजाळ्याची कल्पना मांडली, त्यात कागदपत्रे एकमेकांना जोडलेली असतात. २००६ साली त्यांनीच त्यापुढचे पाऊल सुचवले: कागदपत्रांप्रमाणे त्यांतल्या वस्तू आणि माणसेही एकमेकांना जोडावीत. जोडायची कशी, तर तीन पदांच्या वाक्याने. आपण शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद शिकलो, तसाच हा प्रकार. एका टोकाला एक वस्तू, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मध्ये त्यांचे नाते. 'फकिरा, लेखक, अण्णा भाऊ साठे' हे असे एक वाक्य. 'अण्णा भाऊ साठे, जन्मवर्ष, १९२०' हे दुसरे. अशी लाखो वाक्ये एकमेकांत गुंफली, की जगातल्या ग्रंथालयांच्या तालिका मिळून एकच मोठे जाळे तयार होते.

यात मधले पद, म्हणजे नाते, सर्वांत महत्त्वाचे. कारण टोकाची नावे प्रत्येक ग्रंथालयाची वेगळी, पण नात्यांचे शब्द सर्वांनी मिळून ठरवलेले असतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचे गाव आहे. तिथे १९९५ साली भरलेल्या बैठकीतून 'डब्लिन कोअर' नावाचा संच निघाला आणि पुढे त्यातली पंधरा नाती जगभर रूढ झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ साली 'बिबफ्रेम' नावाचा आराखडा मांडला आणि २०१६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. या परिभाषांमध्ये प्रत्येक नाते रीतसर जाहीर केलेले असते: त्याचे नाव, त्याचा अर्थ, ते कोणत्या प्रकारच्या वस्तूपासून निघते आणि कोणत्या प्रकारच्या वस्तूपाशी पोचते. निघण्याच्या बाजूला 'डोमेन' म्हणतात, पोचण्याच्या बाजूला 'रेंज'.

इथवर सगळे सरळ आहे. अडचण येते ती हे जाहीरनामे वाचायचे कसे, या ठिकाणी. 'लेखक या नात्याची रेंज व्यक्ती आहे,' असे लिहिलेले आपण वाचले, तर आपल्या मनात काय येते? आपल्याला परीक्षेचा अर्ज आठवतो. दूरध्वनी क्रमांकाच्या चौकटीत अक्षरे लिहिली तर अर्ज परत येतो. तसेच इथेही व्यक्तीखेरीज दुसरे काही लिहिले तर यंत्र अडवेल, असे आपण समजतो. बिबफ्रेमच्या परिभाषेत तर या दोन गोष्टींचे मथळेही 'यासोबत वापरले जाते' आणि 'अपेक्षित मूल्य' अशा अर्थाचे आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला तो सल्ला वाटावा किंवा नियम वाटावा.

वास्तविक तो सल्लाही नव्हे आणि नियमही नव्हे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००४ साली या शब्दांचे जे अर्थ प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले, त्यांनुसार डोमेन आणि रेंज हे निष्कर्ष आहेत. 'लेखक'ची रेंज व्यक्ती आहे याचा अर्थ, "इथे व्यक्तीच लिहा," असा होत नाही. "इथे तुम्ही जे काही लिहाल, ते व्यक्ती आहे असे मी समजेन," असा होतो. दारावरचा रखवालदार आणि भोळा पाहुणा यांत जो फरक, तोच या दोन अर्थांत. रखवालदार ओळखपत्र विचारतो आणि नसेल तर परत पाठवतो. पाहुणा, तुम्ही ज्याला मामा म्हणाल त्याला तुमच्या आईचा भाऊ समजून नमस्कार करून मोकळा होतो. यंत्र हा असा भोळा पाहुणा आहे. रखवालदार हवा असेल तर तो वेगळा ठेवावा लागतो. त्यासाठी २०१७ साली 'शॅकल' नावाची एक वेगळी भाषा प्रमाण ठरली आहे.

आमच्या घोडपदेवचेच उदाहरण घ्या. भायखळा, माझगाव, काळाचौकी आणि कॉटन ग्रीन यांच्या बेचक्यात आमची ही वस्ती आहे. वस्तीला नाव पडले ते घोडपदेव या देवावरून. त्यामुळे आमच्याकडे "मी घोडपदेवला राहतो" आणि "मी घोडपदेवला नारळ फोडला" ही दोन्ही वाक्ये एकाच दमात बोलली जातात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. आता समजा तालिकेत 'राहतो' या नात्याची रेंज ठिकाण आहे आणि 'नवस बोलतो' या नात्याची रेंज देवता आहे. कुणी दोन्ही वाक्यांच्या टोकाला एकच 'घोडपदेव' जोडला, तर यंत्र तक्रार करणार नाही. ते शांतपणे दोन्ही निष्कर्ष काढील आणि घोडपदेव हा देवही आहे आणि पाणी जाणारा, नळाला रांग लागणारा मुंबईचा एक भागही आहे, असे मानून पुढे जाईल. देव आणि ठिकाण एक असू शकत नाहीत, असे कुणी स्वतंत्रपणे लिहून ठेवले असेल तरच ते चमकेल. उपाय एकच. देवाला एक ओळखखूण द्यावी, वस्तीला दुसरी द्यावी, आणि त्या दोहोंमध्ये 'यावरून नाव पडले' हे खरे नाते लिहावे.

दुसरी गंमत 'व' या अक्षराची. समजा बसमध्ये एका बाकावर पाटी आहे: 'महिला व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी राखीव'. तिथे कॉलेजची मुलगी बसते आणि धोतर नेसलेले आजोबाही बसतात. पण एखाद्या नात्याला दोन डोमेन जाहीर केली, तर यंत्र 'व' शब्दशः घेते. ते समजते, की या बाकावर जो बसला तो महिलाही आहे आणि ज्येष्ठ नागरिकही आहे. म्हणजे आजोबा बसले की यंत्राच्या लेखी त्यांची आजी झाली! 'हा किंवा तो' म्हणायचे असेल तर वेगळ्या शब्दांत म्हणावे लागते. म्हणूनच २०११ साली सुरू झालेल्या 'स्कीमा' या परिभाषेने डोमेन आणि रेंज हे कडक शब्दच टाळले आणि 'यांचा समावेश होतो' अशा अर्थाचे सैल शब्द घेतले. डब्लिन कोअरचा प्रवासही बोलका आहे. १९९५ च्या बैठकीतून आलेल्या मूळ 'कर्ता' या नात्याला रेंजच नव्हती. २००८ साली नव्या संचातल्या नात्यांना रेंज दिली गेली: कर्त्याच्या टोकाला जे आहे ते काही करू शकणारे, म्हणजे व्यक्ती किंवा संस्था आहे, असे ठरले. आणि २०२० च्या सुधारणेत अशा बऱ्याच रेंज पुन्हा सैल झाल्या. 'असतेच' याच्या जागी 'सहसा असते' आले. जाणत्या माणसांनाही किती म्हणावे आणि किती म्हणू नये, हे पुन:पुन्हा ठरवावे लागले.

हे सारे वाचताना मला वाटे, की हा इंग्रजीचा प्रश्न आहे. आपल्या मराठी पुस्तकांना त्याचे काय! पण आम्ही दाखल नोंदवही उघडली आणि पहिल्याच पानावर 'ज्ञानेश्वरी' भेटली. रकान्यात 'लेखक' म्हणून ज्ञानेश्वर असे लिहिले होते. बरोबरच आहे, असे कुणीही म्हणेल. मात्र आपल्या पारायणाच्या प्रतींत छापलेली ज्ञानेश्वरीची अखेर पाहा. तिथे शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा काळ दिला आहे, आणि 'लेखकु' हा शब्द वापरला आहे तो सच्चिदानंदबाबांसाठी. ज्ञानेश्वरांनी सांगितले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, म्हणून सच्चिदानंदबाबा लेखक! त्या काळी लेखक म्हणजे लिहिणारा, ज्याच्या हातून अक्षरे कागदावर उतरली तो. आज लेखक म्हणजे ज्याच्या बुद्धीतून ग्रंथ निघाला तो. शब्द एकच राहिला आणि त्याच्या पोटातला निष्कर्ष सातशे वर्षांत बदलून गेला. ग्रंथाच्याच शब्दावर विसंबून कुणी 'ज्ञानेश्वरी, लेखक, सच्चिदानंदबाबा' असे वाक्य आजच्या परिभाषेत लिहिले, तर अक्षर न् अक्षर ग्रंथाला धरून असूनही निष्कर्ष साफ खोटा निघेल.

संतवाङ्मयात हा पेच पावलोपावली आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते, ती कर्त्याची खूण. पण 'नामा' ही मुद्रा संत नामदेवांची, आणि पुढच्या काळातल्या विष्णुदास नामा यांचीही. कोणता अभंग कुणाचा, यावर अभ्यासकांनी आयुष्ये वेचली. जनाबाईंचे अभंग तर नामदेवांच्या गाथेच्या पोटात छापले गेले. ज्याने गाथा हातात घेतली आणि मुखपृष्ठावरचे नाव पाहून 'कर्ता' भरला, त्याच्या तालिकेत जनाबाई नाहीतच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तेव्हा त्यांच्या हातात यंत्र नव्हते. पण एकेका पुस्तकाला त्याच्या खऱ्या धन्याशी जोडताना असल्या गाठी त्यांनाही सोडवाव्या लागल्या असणार. यंत्र आले म्हणून गाठ सुटत नाही. उलट, एका ठिकाणी चुकीची बसलेली गाठ आता क्षणात जगभर जाते.

आणि मग आमच्याच कामात तो प्रसंग आला, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. वाचनालयात छापील पुस्तकांखेरीज काही हस्तलिखित वह्याही आहेत: भजनी मंडळाच्या दोन, जाखडीच्या गाण्यांची एक, आणि एक ओव्यांची. ही शेवटची वही माझ्या आजीच्या ओव्यांची आहे. आजी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन घोडपदेवला आली, त्याला साठ वर्षे होतील. तिला लिहितावाचता येत नाही. दहावीच्या सुट्टीत ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. दीडशेच्या वर ओव्या झाल्या. मंडळाने ती वही कौतुकाने मागून घेतली होती.

वहीची नोंद करायची वेळ आली. संगणकासमोर बसलेला मित्र म्हणाला, "लेखक कोण लिहू? अक्षर तुझे आहे, वही तुझी आहे, तुझेच नाव टाकतो." दुसरी म्हणाली, "संपादक टाक, म्हणजे वाद नाही." तिसऱ्याचे म्हणणे, "लोकसाहित्याला लेखक नसतो. 'अज्ञात' लिही." तिघेही आपुलकीने बोलत होते, आणि तिघांचेही म्हणणे रूढीला धरून होते. पण मला तिन्ही पटेनात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला लिहिता येते आणि आजीला येत नाही, एवढ्याच कारणाने तिच्या दीडशे ओव्या माझ्या नावावर चढणार होत्या. आणि 'अज्ञात' कसे म्हणायचे? ती तर दोन खोल्यांपलीकडे तांदूळ निवडत बसलेली होती!

मी तिलाच जाऊन विचारले, की या ओव्या तुझ्या म्हणून लिहू का. ती हसली. "आगं बाय, म्या कुटं केल्यात त्या? आयच्या तोंडून आयकल्या. तिनं तिच्या आयच्या. जात्यावर बसलं की आपसूक येत्यात." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "त्या गिरणीच्या भोंग्याच्या आन् आगीनगाडीच्या तेवढ्या माज्या. हितं आल्यावर केल्या. गावाकडं कुटला आलाय भोंगा?"

म्हणजे ज्या प्रश्नाला आम्ही तिघांची तीन उत्तरे देत होतो, त्याचे आजीने एका वाक्यात वाटप करून टाकले. वही एक, पण तिच्यातल्या ओव्यांशी तिचे नाते एक नव्हते. बहुतेक ओव्यांची ती गायिका होती. अकरा ओव्यांची मात्र ती रचणारी होती. आणि मी दोन्हीकडे एकच होते: लिहून घेणारी. जुन्या अर्थाने 'लेखकु', नव्या अर्थाने लेखक नव्हे.

या वाटपाला जागा देणारे शब्द परिभाषेत असतील का, ही मला धास्ती होती. पण ते होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ग्रंथाशी माणसांचे कोणकोणते संबंध असू शकतात, याची एक लांबलचक यादी केलेली आहे. तिच्यात लेखक आहे तसा लेखनिक आहे, गायक आहे, संग्राहक आहे, संकलक आहे. एवढेच नव्हे, तर 'ज्याच्या नावावर सांगितले जाते तो' अशी, नामा आणि विष्णुदास नामा यांच्या पेचात उपयोगी पडेल अशीही एक भूमिका आहे. बिबफ्रेममध्ये तर प्रत्येकाचा वाटा हीच एक स्वतंत्र वस्तू मानली आहे. कृतीला वाटा जोडायचा, आणि त्या वाट्याला दोन चिठ्ठ्या लावायच्या: हा वाटा कुणाचा, आणि कोणत्या भूमिकेतला. डब्लिन कोअरमध्ये 'कर्ता' हे 'सहभागी' या मोठ्या नात्याचे पोटनाते आहे. त्यामुळे कर्ता म्हटले की यंत्र त्याला सहभागीही समजते. पण सहभागी म्हटले म्हणून कर्ता समजत नाही. निष्कर्षाचा हा जिना वर चढतो, खाली उतरत नाही. जिथे खात्री नसेल तिथे मोठे, ढोबळ नाते लिहावे. ते कमी सांगते, पण जे सांगते ते खरे असते.

आता एकच प्रश्न राहिला. आजीच्या आईकडून, आणि तिच्या आईकडून आलेल्या ओव्यांचा कर्ता कोण? इथे मला या पद्धतीतला सर्वांत सुंदर भाग भेटला. आपल्या सरकारी कागदावर एखादा रकाना कोरा राहिला तर त्याचा अर्थ 'नाही' असा धरतात. शिधापत्रिकेवर नाव नाही, म्हणजे माणूस घरात नाही. जोडलेल्या माहितीत असे समजत नाहीत. लिहिलेले नाही याचा अर्थ एवढाच, की अजून कुणी लिहिलेले नाही. कर्ता नाही असेही नव्हे, कर्ता अज्ञात आहे असेही नव्हे. 'अज्ञात' हेसुद्धा एक विधान आहे, आणि ते करायचा अधिकार आम्हाला नव्हता. म्हणून त्या ओव्यांपुढे आम्ही कर्त्याचे वाक्यच लिहिले नाही. उद्या पाटणच्या एखाद्या मुलीने आपल्या पणजीच्या वहीतून तीच ओवी जोडली, तर आमचे एकही अक्षर न खोडता तिचे वाक्य शेजारी येऊन बसेल.

हे स्वप्नरंजन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या प्रसिद्ध करीत आले आहे. ओवीसोबत तिथे गाणाऱ्या बाईचे नाव असते, तिचे गाव असते. गोळा करणाऱ्यांनी आपले नाव कर्त्याच्या जागी लावले असते तर कुणी हरकत घेतली नसती. आजवर कितीतरी संग्रहांच्या बाबतीत तसेच झाले आहे. पण त्यांनी गाणारीला गाणारी म्हटले आणि स्वतःला गोळा करणारे. नाते खरे लिहिले, की त्यातून निघणारे निष्कर्षही खरे निघतात.

रकान्यांची ताकद आपण फार कमी लेखतो. आपल्या राज्यात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे ठरले आहे. आई तर त्याआधीही होतीच! रकाना नव्हता, एवढेच. रकाना आला की ती कागदावर दिसू लागते. ग्रंथतालिकेचेही तसेच आहे. ज्या तालिकेत 'लेखक' हा एकच रकाना असतो, तिथे गाणारी, सांगणारी, आठवणीत जपणारी माणसे एकतर गळून पडतात किंवा दुसऱ्याच्या नावाखाली जातात. आणि ही माणसे बहुधा कोणत्या घरांतली असतात, हे मी घोडपदेवच्या वाचकांना सांगायला नको.

तंत्राचे पुष्कळ गुणगान आपण ऐकतो आणि पुष्कळ निंदाही. मला या कामातून समजले ते एवढेच, की यंत्र अत्यंत आज्ञाधारक असते. आपण एका नात्याचा शब्द लिहितो. तो शब्द जाहीर करणाऱ्यांनी त्याच्या पोटात जे जे ठेवले आहे, ते ते सगळे यंत्र आपल्या वतीने बोलून टाकते. आपण न उच्चारलेलीही वाक्ये आपल्या नावावर जमा होतात. तेव्हा शब्द निवडण्यापूर्वी त्याचा जाहीरनामा वाचणे, आणि आपल्याला ठाऊक आहे तेवढेच बोलणारे नाते निवडणे, हे तालिका करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते यंत्राचे नव्हे, आणि कुठल्या परदेशी समितीचेही नव्हे. वाचनालयाच्या दोन कपाटांपुढे बसलेल्या माणसाचे आहे.

आमच्या यादीत त्या वहीची नोंद आता झाली आहे. दीडशेवर ओव्यांपुढे गायिका म्हणून आजीचे नाव आहे. भोंग्याच्या आणि आगगाडीच्या अकरा ओव्यांपुढे कर्ता म्हणूनही तिचेच नाव आहे. शेवटी, लेखनिक या नात्याने, माझे. बाकीच्या ओव्यांच्या कर्त्यांची जागा मोकळी आहे, आणि ती मोकळीच राहू द्यावी असे आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगून ठेवले आहे.

– द्वितीय वर्ष, कला